बेळगावात बेसबॉलचा आकडेमोड कट्टा कसा भरवावा

आकडेमोड कट्टा म्हणजे अमेरिकेतला बेसबॉलचा सामना एकत्र बघायचा, त्याचा स्कोअर हाताने लिहायचा आणि मग त्या आकड्यांचे हिशेब करायचे. आधी वेळेचं गणित सोडवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना हंगामात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लागतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सातचा सामना सकाळी साडेसातला. शनिवारच्या रात्रीचे सामने म्हणजे आपली रविवारची सकाळ, हे सोयीचंच आहे. पण त्या वेळेला खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून येणाऱ्यांनी पोचायचं कसं? म्हणून महिन्याचा नेहमीचा कट्टा सकाळी नऊला, रेकॉर्ड केलेल्या सामन्यावर ठेवा. थेट सामना फक्त ऑक्टोबरातल्या वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतींसाठी, तोही शहरातच राहणाऱ्यांपुरता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. सिरीज तिथवर लांबली तर साडेपाचचे साडेसहा होतात.

जागा साधी चालते. गल्लीतल्या मंडळाची खोली, एक मोठा टीव्ही आणि टेबलं एवढं पुरे. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे आपला सगळा पावसाळा त्यात येतो. त्यामुळे इन्व्हर्टर असलेलीच जागा धरा आणि सामना आधीच उतरवून ठेवा. २०२३ मध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, वेळेत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ आलं, तेव्हापासून सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतो. नऊला सुरुवात केली तर पाचव्या डावानंतर चहा-पोहे घेऊनही आकडेमोडीला तासभर उरतो.

कट्ट्याचा प्राण म्हणजे हाताने भरलेला स्कोअरचा कागद. नुसता सामना बघून आकड्यांवर बोलायला बसलं की गप्पा आवडत्या खेळाडूंवर घसरतात. स्वतः भरलेला कागद समोर असला की प्रत्येक आकडा कुठून आला ते दाखवता येतं. आठ ते बारा जण असावेत आणि त्यांच्या जोड्या कराव्यात: एकाने बघून सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. एका संघाचा कागद किमान दोन जोड्यांकडे द्या, म्हणजे शेवटी ताळा करता येतो. ए-फोर कागद आडवा धरून नऊ ओळी आखा. बदली खेळाडूसाठी प्रत्येक ओळीचे दोन भाग करा. डावांचे रकाने बारा ठेवा, कारण सामना नऊ डावांत संपेलच असं नाही. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबरच हवा.

मैदानातल्या जागांना ठरलेले आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, डावीकडचा क्षेत्ररक्षक ७, मधला ८, उजवीकडचा ९. तिसरा बेस ५ आणि शॉर्टस्टॉप ६, इथे नवखा हमखास चुकतो. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला तर ६-३. दोघे बाद झाले तर बहुधा ६-४-३. मधल्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तर नुसता ८. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) ‘के’ हे इंग्रजी अक्षर, आणि बॅटर बॅट न फिरवता बाद झाला तर तेच अक्षर उलटं. सगळी नोंद आकड्यांत असल्यामुळे कन्नड बोलणारा मित्र शेजारी बसला तरी काही अडत नाही.

क्रिकेटचा स्कोअरर मिळाला तर त्याला आधी बोलवा, हात तयार असतो. फक्त त्याची एक सवय मोडावी लागते. वाइडची धाव अवांतर म्हणून संघाच्या नावावर जाते, तसा तो वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंवर (त्यांना ‘बॉल’ म्हणतात) फुकट मिळालेला पहिला बेस, बाजूला टाकतो. इथे चार बॉलवर मिळालेला वॉक बॅटरचीच कमाई आहे. तो ॲट-बॅटमध्ये (सरासरीसाठी धरलेल्या पाळ्यांत) धरत नाहीत, म्हणून बॅटिंग ॲव्हरेजमध्ये (हिट भागिले ॲट-बॅट; हिट म्हणजे बेसवर पोचवणारा फटका) दिसत नाही, पण ऑन-बेसच्या आकड्यात, म्हणजे बॅटर किती वेळा बेसवर पोचला त्यात, पुरेपूर दिसतो. हे पटवायला जुन्या काळचा नामांकित बॅटर टेड विल्यम्स याचा १९४१ चा हंगाम फळ्यावर मांडा: ४५६ ॲट-बॅट, १८५ हिट, १४७ वॉक, ३ वेळा चेंडू अंगावर. १८५ भागिले ४५६ म्हणजे .४०६. आता वॉक आणि अंगावरचे चेंडू वर-खाली दोन्हीकडे मिळवा: ३३५ भागिले ६०६, म्हणजे .५५३. निम्म्याहून जास्त वेळा हा माणूस बाद झालाच नाही! आजच्या खेळाडूचं गणित करताना भाजकात सॅक्रिफाइस फ्लायही (बॅटर झेलबाद होतो, पण धावपटू धाव काढतो अशा पाळ्या) मिळवायच्या. १९४१ मध्ये त्या वेगळ्या मोजत नसत.

सामना संपला की ताळा. एका संघाच्या बॅटिंगच्या एकूण पाळ्या = धावा + बेसवर अडकून राहिलेले + बाद झालेले. ३८ पाळ्या असतील तर ५ धावा, ६ अडकलेले, २७ बाद (नऊ डाव, प्रत्येकी तीन), असं जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर बहुतेक वेळा बदली बॅटरची पाळी राहिलेली असते, नाहीतर बेसवर बाद झालेला धावपटू अडकलेल्यांतही मोजलेला असतो. यजमान संघ जिंकत असेल तर नववा डाव खेळतच नाही, तेव्हा बाद २४च. आणि २०२० पासून साखळी सामन्यात जादा डाव दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवून सुरू होतो. त्याची पाळी नसते, म्हणून अशा प्रत्येक डावामागे उजवी बाजू एकाने जास्त भरते. तेवढी वजा करा.

मग लॅपटॉप उघडा. शॉन लाहमन यांचा खेळाडूंच्या हंगामवार आकड्यांचा डेटाबेस आणि रेट्रोशीट या संस्थेच्या सामन्यांतल्या पाळीगणिक नोंदी फुकट मिळतात. एक्सेलमध्ये ६-४-३ टाकलं की त्याची तारीख होते, म्हणून तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या. पिचरचे ६.२ डाव म्हणजे सहा डाव आणि दोन बाद. एक्सेल त्याला सहा पूर्णांक दोन दशांश समजतं आणि पुढचं सगळं चुकतं. लाहमनच्या पिचिंगच्या तक्त्यात ‘आयपीआउट्स’ हा रकाना आहे, त्यात थेट बाद मोजलेले असतात. तो घ्या आणि तीनने भागा. हंगामाच्या मध्ये संघ बदललेल्या खेळाडूच्या दोन ओळी असतात. त्यांची बेरीज न करता सरासरी काढली तर उत्तर फसवं येतं.

एका बैठकीला एकच प्रश्न घ्या. पहिल्या खेपेला बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं, धावांवरून विजयांचं प्रमाण सांगणारं सूत्र उत्तम: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ८०० केल्या आणि ७०० दिल्या तर .५६६, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. आपापल्या संघाचा हिशेब करा आणि प्रत्यक्ष विजयांशी फरक किती पडतो ते बघा. फरक मोठा निघाला तर एका धावेने जिंकलेले-हरलेले सामने मोजा, फरकाचं कारण बहुधा तिथेच असतं. उठण्याआधी कागदांवर तारीख, संघ आणि लिहिणाऱ्यांची नावं घालून एकाच फायलीत लावा. पुढच्या महिन्याचा प्रश्न त्यातूनच काढायचा आहे.