झॅबिक्समध्ये आयपीसी एरर आला? आधी चौकटी कंसातला आकडा वाचा

मॉनिटरिंगच बंद पडलं, तर हिंजवडीतल्या रात्रपाळीवाल्याला सर्व्हर पडल्याचं कळतं ते ग्राहकाच्या फोनवरून. झॅबिक्स या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पोलर (माहिती मागून आणणारा), ट्रॅपर (पाठवलेली माहिती घेणारा), प्रीप्रोसेसिंग मॅनेजर (ती माहिती साठवण्याआधी तयार करणारा), अलर्टर (इशारे पाठवणारा) अशा वेगवेगळ्या प्रोसेस एकमेकींशी युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे त्याच मशीनवरच्या जोडणीच्या खास फाइलवरून बोलतात. या बोलण्यालाच आयपीसी म्हणतात. तिथे बिनसलं की ग्राफ थांबतात आणि अलर्टही जात नाहीत.

सर्व्हिस लगेच रीस्टार्ट करू नका. तसं केलं तर चालू प्रोसेसची स्थिती पुसली जाते आणि कारण हाती लागत नाही. आधी /व्हार/लॉग/झॅबिक्स मधला सर्व्हर लॉग उघडा आणि बिघाड सुरू झाला तिथली पहिली एरर शोधा. शेवटच्या शंभर ओळी बहुधा त्या पहिलीचेच पडसाद असतात. ओळीतल्या चौकटी कंसात एक आकडा दिसेल. पुढचं सगळं त्यावर.

२४ म्हणजे 'टू मेनी ओपन फाइल्स'. पोलर वाढवल्यानंतर हमखास येतो, कारण प्रत्येक प्रोसेस प्रीप्रोसेसिंग मॅनेजरशी जोडणी उघडते आणि प्रत्येक जोडणी एक उघडी फाइल म्हणून मोजली जाते. मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. मॅनेजरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या, /प्रोक मधल्या त्याच्या फोल्डरात 'लिमिट्स' ही फाइल वाचा आणि 'मॅक्स ओपन फाइल्स'ची ओळ बघा. शेजारच्या 'एफडी' फोल्डरातल्या नोंदी मोजा. दोन्ही आकडे जवळ आले असतील तर दुखणं सापडलं. इथे बरेच जण लिमिट्स डॉट कॉन्फ बदलतात आणि काहीच फरक पडत नाही, कारण ती फाइल लॉगिन सेशनसाठी असते. सिस्टमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केलेली सर्व्हिस ती वाचत नाही. 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरून सर्व्हिस विभागात 'लिमिटनोफाइल'ला ८१९२ द्या, मग रीस्टार्ट करा. त्यानंतर 'लिमिट्स' फाइल पुन्हा वाचाच. नवा आकडा दिसला तरच बदल लागू झाला.

१३ म्हणजे परवानगी नाही. सॉकेटडिर या सेटिंगमधल्या फोल्डरचा मालक झॅबिक्स युझरच आहे ना, ते पाहा. मालकी बरोबर असूनही अडत असेल तर कारण एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सचा जादा सुरक्षा-थर. 'सेटएनफोर्स ०' करून दोन मिनिटं तपासा, लगेच १ करा आणि ऑडिट लॉगवरून नेमकं पॉलिसी मॉड्यूल बनवा. एसईलिनक्स कायमचं बंद ठेवणं हा उपाय नव्हे.

२ म्हणजे सॉकेटची फाइलच नाही. /रन हे रॅममध्ये असतं, त्यामुळे मशीन रीबूट झालं की तिथलं फोल्डर जातं. सोर्सवरून कंपाइल केलेल्या झॅबिक्सला टीएमपीफाइल्स डॉट डी मध्ये (बूट होताना असे फोल्डर बनवणाऱ्या सेटिंगमध्ये) नोंद हाताने करावी लागते.

१११ आला तर सॉकेट आहे, पण ऐकणारी प्रोसेस मेली आहे. ती का मेली ते लॉगमध्ये आणखी वर मिळेल. ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेने) मारली का, हे 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांत पाहा.

२८ फसवा आहे. 'नो स्पेस लेफ्ट' वाचून लोक डिस्क साफ करायला धावतात. सेमाफोर (प्रोसेसमध्ये ताळमेळ ठेवणारे कर्नलचे खुणेचे आकडे) तयार करतानाची एरर असेल तर संपलेली असते कर्नलची सेमाफोर मर्यादा. 'आयपीसीएस -एल'ने मर्यादा आणि 'आयपीसीएस -यू'ने वापर तपासा, मग 'कर्नल.सेम' वाढवा.