घरच्या टेबलावर कार्बन रॅप: आदल्या आठवड्याची तयारी

गाडीतला जो भाग सुटा करून घरी आणता येतो तेवढाच रॅप करायचा (म्हणजे त्यावर कार्बनच्या विणीसारखी दिसणारी विनाइलची चिकट फिल्म चढवायची), बाकीच्याला हात लावायचा नाही. हा नियम मी अनुभवाने केलाय. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सीटवर वाकडं होऊन गिअरच्या कन्सोलवर विनाइल ओढायचा उद्योग एकदा करून झाला. मेट्रोचं काम आणि डंपर यांची धूळ विनाइलखाली अडकली की भातातल्या खड्यासारखी दिसते, आणि ती तिथेच राहते.

म्हणून सगळ्यात आधी टॉर्च, कागद आणि पेन घेऊन गाडीत बसा आणि सुटे होणारे भाग लिहून काढा. बहुतेक गाड्यांत गिअरभोवतीची चौकट, दारावरची पॉवर विंडोच्या स्विचची पट्टी, एसीच्या जाळीभोवतीच्या चौकटी आणि डॅशबोर्डवरची आडवी शोभेची पट्टी हे निघतं. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डच्या डाव्या बाजूचं एअरबॅगचं झाकण आणि पडद्यासारखी एअरबॅग असेल तर काचेच्या बाजूचे खांब यांच्यावर तिथल्या तिथे काट मारा. ही झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटून उघडावीत अशीच घडवलेली असतात. त्या रेषेवर फिल्म ताणून बसवली तर ती कशी उघडतील याचा भरवसा राहत नाही. डॅशबोर्डचा वरचा सपाट भागही नको. चकचकीत फिल्मचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, आणि दुपारी घोडबंदरच्या घाटात ते अगदीच नकोसं होतं.

आता सामान. दुकानात ‘कार्बन फायबर’ म्हणून मिळतं ते विनाइल असतं, त्यात कार्बनचा एक धागाही नसतो, फक्त विणीचा भास असतो. खरं कार्बन कापड इपॉक्सी रेझिनमध्ये बसवण्याचं काम वेगळं आहे: वजन करून मिसळायचं रेझिन, थरावर थर, मग पॉलिश पेपरने घासणं, वरून उन्हाने पिवळं पडू नये म्हणून लॅकर. फ्लॅटमध्ये ते करू नये. घासताना उडणारी काळी पूड घरभर होते आणि ती नाकातोंडात जाणं बरं नाही.

विनाइलमध्ये ‘कास्ट’ मागा. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून बनवतात, त्यामुळे ती ताणलेली राहू शकते. ‘कॅलेंडर्ड’ फिल्म रुळांमध्ये दाबून पसरवलेली असते, आणि गरम झाली की मूळ आकाराकडे परत सरकते. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. स्वस्त रोलचे कोपरे उचलले जातात ते तेव्हाच. पाठीमागे हवा निघून जायच्या बारीक खाचा आहेत का तेही बघून घ्या. थ्रीएम कंपनीच्या 2080 मालिकेत कास्ट आणि खाचा दोन्ही असतात. रोलची रुंदी साधारण 152 सेंटिमीटर असते. लांबी किती घ्यायची ते अंदाजाने ठरवू नका. वर्तमानपत्रावर प्रत्येक भागाचा ठसा काढा, चारही बाजूंनी दोन इंच वाढवा, सगळे कागद जमिनीवर मांडून मोजा. वीण सगळीकडे एकाच दिशेने जायला हवी, म्हणून प्रत्येक कागदावर बाण काढा. बाण विसरलात तर डाव्या दाराची वीण एकीकडे आणि उजव्याची दुसरीकडे, आणि हे तुमच्याआधी मेहुण्याच्या लक्षात येतं.

हत्यारांत फार काही नाही. गरम हवा सोडणारी हीट गन (नसेल तर हेअर ड्रायर छोट्या भागांना पुरतो), कडेला मऊ कापड लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी), टोकदार पात्याचा कटर आणि भरपूर जादा पाती. पातं बोथट झालं की विनाइल कापलं जात नाही, ओरबाडलं जातं. भाग उचकटायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या घ्या, स्क्रूड्रायव्हर घातलात तर प्लॅस्टिकवर कायमची खूण उमटेल. जुन्या गाडीत प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून थोड्या जादा क्लिपा आधीच आणून ठेवा. स्क्रू ठेवायला आमच्याकडचं जुनं इडलीपात्र वापरतो, एका खळग्यात एका भागाचे स्क्रू. प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक.

वायर सोडवायच्या आधी काचा वर करा, इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढा वेळ थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, ते सोडवू नका.

ज्याने माझं पहिलं काम वाया घालवलं ते आता. सोसायटीत रोज गाडी पुसायला येणारा दर रविवारी डॅशबोर्डला चकाकी आणायचं पॉलिश मारायचा, आणि मला ते आवडायचं. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याच्यावर गोंद धरतच नाही. मी नुसत्या ओल्या फडक्याने पुसून विनाइल लावलं आणि दोन आठवड्यांत कडा पापडासारख्या वर आल्या. म्हणून निदान महिनाभर आधी ते पॉलिश बंद करायला सांगा. काढलेला भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. थिनर नको, प्लॅस्टिक विरघळायला लागतं. मागची कडसुद्धा तितकीच स्वच्छ करा, कारण फिल्म मागे वळवून तिथेच चिकटवायची असते. झाल्यावर मास्किंग टेपचा तुकडा दाबून लावा आणि ओढा. सहज सुटून आला तर पुन्हा साबणापासून सुरुवात. प्लॅस्टिकवर चामड्यासारखे खोल दाणे असतील तर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून फिरवून ते घासून सपाट करा. दाणे फारच खोल असतील तर तो भाग सोडून द्या. सगळीकडे कार्बन दिसलाच पाहिजे असं कुठे आहे?

खोली आदल्या रात्री ओल्या फडक्याने पुसा. काम करताना पंखा बंद, अंगात लोकरीचं काही नको, खिडक्या लावलेल्या. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, धुतलेले भाग वाळता वाळत नाहीत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. आईला टेबल दोन दिवस लागणार हे आधी सांगा. मी शनिवारी सकाळी सांगितलं, तर ‘मग जेवायचं कुठे, मांडीवर?’ असं ऐकावं लागलं.

दिवसांचा हिशेब असा: पहिल्या दिवशी काढणं, धुणं, वाळवणं. दुसऱ्या दिवशी चिकटवणं, आणि सपाट, सोपा भाग आधी. हात बसल्याशिवाय गिअरची चौकट घेऊ नका. जिथे फिल्म खोलगट भागात ताणली गेलीय, तिथे शेवटी साधारण 90 ते 100 अंशांपर्यंत गरम करून तिची मूळ आकाराकडे जायची ओढ मोडायची असते. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कोविडमध्ये कपाळासमोर धरायचो तो बहुतेकदा उपयोगाचा नाही, ताप मोजण्याच्या पुढे तो जात नाही. मग भाग निदान 24 तास तसेच ठेवायचे. म्हणजे सोमवारी ऑफिसला गाडी नाही, ठाणे स्टेशनला रिक्षा आणि पुढे लोकल. 26 जानेवारी शनिवार-रविवारला जोडून येत असेल तर तेच दिवस धरा.

उरलेलं विनाइल घडी घालून ठेवू नका, घडीची रेघ जात नाही. कागदी नळीवर, चेहरा बाहेर ठेवून गुंडाळा आणि कपाटावर टाका. स्विचच्या पट्टीवर अंगठीचा ओरखडा पडतोच, तेव्हा तेच कामाला येतं.