बेसिनच्या नळासाठी पाणी वाचवणारा एरेटर कसा आखावा

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला आट्यांनी बसणारी, धारेत हवा मिसळणारी छोटी टोपी. तिच्या आखणीला बसण्याआधी नळ पूर्ण उघडून एक लिटरचे माप किती सेकंदांत भरते ते पाहावे. 6 सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला 10 लिटर आहे, आणि हात धुण्यासाठी मिनिटाला 3 लिटर पुरतात. हा प्रवाह ठरवते ती एरेटरच्या आतली छिद्रांची चकती. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल, तर दीड मिलिमीटर व्यासाची 6 छिद्रे हिशेबाने पुरेशी ठरतात. मात्र पाइपच्या वळणांत दाब घटत असल्याने प्रत्यक्षात एखादे छिद्र वाढवावे लागते. चकतीच्या लगेच खाली, बाजूच्या भिंतीत हवेसाठी बारीक खाचा ठेवाव्यात: वेगाने सुटणाऱ्या धारा तिथून हवा ओढून घेतात आणि खालच्या दोन जाळ्यांवर आपटून दुधाळ, मऊ धार तयार होते. दाब फारच कमी असेल, तर हवेचा नाद सोडून फवाऱ्याची चकती वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आट्यांचा व्यास कॅलिपरने मोजूनच घ्यावा. बोअरवेलच्या पाण्याने छिद्रांवर पांढरा क्षार धरतो, म्हणून एरेटर हाताने उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवता येईल असाच असावा.