काचेतले दोष वर्णपटावरून ओळखायचे, तर आधी दोन जाडीचे तुकडे

लेन्सची किंवा प्रिझमची काच डोळ्यांना स्वच्छ दिसली, तरी आतल्या अणूंच्या जाळ्यात तुटलेले बंध असू शकतात. कॉलेजच्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ते सापडतात. मात्र एकच तुकडा मोजू नका. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाशही यंत्र शोषणातच धरतं. फ्युज्ड सिलिकाच्या, म्हणजे शुद्ध सिलिकॉन डायऑक्साइडच्या काचेच्या, प्रत्येक बाजूकडून सुमारे 3.5 टक्के प्रकाश असा जातो.

म्हणून एकाच ठोकळ्यातून 2 आणि 10 मिमी जाडीचे तुकडे कापा आणि दोन्हींना सारखंच पॉलिश करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग कडेनेच धरा, कारण बोटाचा तेलकट ठसा 300 नॅनोमीटरच्या खाली हमखास शोषण दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या दमट हवेत एसी खोलीतली थंड काच बाहेर काढली की तिच्यावर वाफ धरते. नमुने डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजा.

यंत्राचे दिवे अर्धा तास तापू द्या, रिकाम्या कप्प्यावर बेसलाइन (तुलनेसाठीची शून्य रेषा) घ्या, स्लिट (एका वेळी मोजायच्या तरंगलांबीची रुंदी) 1 ते 2 नॅनोमीटर ठेवा आणि 190 ते 1100 नॅनोमीटरपर्यंत स्कॅन करा. मधेच लाइट गेली तर दिवे पुन्हा तापवून बेसलाइन नव्याने घ्या. जुनी वापरली की आलेख सरकतो. तरंगलांबीची खात्री ड्युटेरियम दिव्याच्या 656.1 च्या रेषेवरून होते.

आता दोन तुकड्यांच्या ॲब्सॉर्बन्समधला (यंत्र दाखवतं त्या शोषणाच्या आकड्यांमधला) फरक घ्या, त्याला 2.303 ने गुणा आणि जाडीतल्या फरकाने, म्हणजे 0.8 सेंमीने भागा. समजा, एका ठिकाणी 0.62 आणि 0.18 आले. फरक 0.44, म्हणजे शोषण गुणांक सुमारे 1.27 प्रति सेंमी. परावर्तन दोन्हींत सारखं असल्यामुळे वजाबाकीत निघून जातं.

सिलिकात 214 नॅनोमीटरजवळचा पट्टा ई-प्राइम केंद्राचा, म्हणजे एक बंध सुटलेल्या सिलिकॉनचा. 258 च्या आसपासचा रुंद पट्टा बहुधा एकाच बाजूने बांधलेल्या ऑक्सिजनचा. पण ऑक्सिजन कमी पडल्याने होणारा दोषही 248 ला शोषतो आणि दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात. इथे नुसत्या शोषणावरून निष्कर्ष काढू नये, प्रदीप्तीही, म्हणजे प्रकाश शोषून काच परत टाकते तो प्रकाशही, पाहावी. एकाच बाजूने बांधलेला ऑक्सिजन 650 च्या सुमारास लाल प्रकाश देतो, ऑक्सिजन कमी पडल्याचा दोष 280 आणि 460 ला. 248 ने उत्तेजित करताना डिटेक्टरपुढे लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबी जाऊ देणारा) हवाच, नाहीतर प्रकाश वेगळा करणाऱ्या ग्रेटिंगच्या दुसऱ्या क्रमामुळे 248 च्या दुप्पट, म्हणजे 496 ला खोटं शिखर उभं राहतं.

350 च्या आसपास पायरी दिसली तर ती दिवा बदलल्याची, काचेची नव्हे. ॲब्सॉर्बन्स 3 च्या वर जाऊन सपाट झाला, तर यंत्रातला भटका प्रकाश मोजला जातोय. जाड तुकडा अजून पातळ करा. सगळा आलेखच वर उचलला असेल तर काच भिंगातून पाहा, बुडबुडे सापडतील. आणि किरणोत्साराने तपकिरी झालेले नमुने काळ्या कागदात गुंडाळून न्या, कारण सांगलीच्या उन्हात रंग उतरतो आणि त्याबरोबर मोजायचे दोषही कमी होतात.