सॉफ्टबॉक्स घेण्याआधी खोली मोजा

फ्लॅश हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सॉफ्टबॉक्स कुठल्या कंपनीचा घेऊ?" सॉफ्टबॉक्स म्हणजे फ्लॅशवर बसवायची, तोंडावर पांढरं कापड असलेली पेटी. मी आधी विचारतो, शूट कुठे करणार आणि खोली केवढी आहे? माझं काम पोर्ट्रेटचं, लग्नाआधीच्या फोटोंचं आणि थोडंफार प्रॉडक्टचं. त्यातलं बरंचसं लोकांच्या घरीच होतं. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला कपाट, दुसरीला पलंग, आणि उरलेल्या जागेत पैठणी नेसलेली नवरी. तिथे जो मावेल, पटकन उघडेल आणि पटकन मिटेल तो सॉफ्टबॉक्स चांगला.

उजेड मऊ कशाने होतो, हे आधी समजून घ्या. पांढरं कापड लावलं म्हणजे उजेड मऊ झाला, असं अनेकांना वाटतं. खरं काम करतो तो उजेडाचा आकार, आणि समोर बसलेल्या माणसाच्या जागेवरून तो केवढा दिसतो ते. ९० सेंटिमीटरचा ऑक्टा, म्हणजे आठ कोनी सॉफ्टबॉक्स, चेहऱ्यापासून मीटरभरावर असेल, तर नाकाची सावली गालावर हळूहळू विरत जाते. तोच ऑक्टा दोन मीटरवर न्या, सावलीला कड येते. चालचलाऊ हिशेब असा: सॉफ्टबॉक्स जेवढा रुंद, साधारण तेवढ्याच अंतरावर ठेवला तर पोर्ट्रेटला छान मऊ उजेड मिळतो.

अंतराचा दुसरा हिशेब लहान खोलीत फार उपयोगी पडतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चेहरा ऑक्टापासून एक मीटरवर आणि मागची भिंत दोन मीटरवर असेल, तर साधी पांढरी भिंत फोटोत राखाडी येते. पडदा लावायची गरजच उरत नाही. पण माणसाला भिंतीला चिकटून उभं केलंत तर हा फायदा गेला. म्हणून पलंग सरकवायला घरच्यांची परवानगी आधीच काढून ठेवावी.

मग सगळ्यात मोठाच का घेऊ नये? १२० सेंटिमीटरचा खोल, वाडग्यासारखा (पॅराबोलिक) ऑक्टा हे सुंदर साधन आहे, पण त्याची पुढून मागे लांबी आणि मागचा फ्लॅश धरला तर जवळजवळ तीन फूट जागा तोच खातो. दहा फुटांच्या खोलीत मग तुम्ही उभे कुठे राहणार? घरगुती कामासाठी पहिला सॉफ्टबॉक्स ८० ते ९५ सेंटिमीटरचा ऑक्टा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याचं किंवा जोडप्याचं कंबरेपर्यंतचं पोर्ट्रेट त्यात आरामात होतं, आणि डोळ्यांत पडणारा उजेडाचा ठिपका, म्हणजे कॅचलाइट, गोलसर, नैसर्गिक दिसतो.

सॉफ्टबॉक्सऐवजी फ्लॅशला लावायची छत्री स्वस्त, हलकी आणि दोन सेकंदांत उघडणारी. शिकायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, ग्रुप फोटोलाही ती उत्तम. अडचण एकच, तिचा उजेड सगळीकडे सांडतो. पोपटी किंवा गुलाबी डिस्टेंपर दिलेल्या खोलीत तो भिंतीवर आपटून परत येतो आणि गालाच्या सावलीच्या बाजूला तोच रंग चढतो. हा रंग व्हाइट बॅलन्स बदलून जात नाही, कारण अर्धा चेहरा ठीक असतो आणि अर्धा हिरवट. इथे सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर लावायची कापडी जाळी, म्हणजे ग्रिड, कामाला येते. ती उजेडाला सरळ पुढे ठेवते. उजेड थोडा कमी होतो, तेवढी फ्लॅशची पॉवर वाढवावी. ज्या सॉफ्टबॉक्ससोबत ग्रिड मिळत नाही, तो मी नवख्याला घ्यायला सांगत नाही.

नथीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी नवरीचा फोटो तिथेच जमतो किंवा फसतो. नथ डाव्या नाकपुडीत असते. उजेड तिच्या उजवीकडून आला तर नाकाची सावली नथीवर पडते आणि मोती मंद दिसतात. उजेड डावीकडून, डोळ्यांच्या थोडा वरून आणला की प्रत्येक मोत्यावर छोटी चमक येते. मात्र उजेडाचा आकार लहान असेल, तर नथीची काळी सावली वरच्या ओठावर उतरते आणि ती दिसायला वाईट दिसते. ऑक्टा जवळ घ्या, ती फिकी होते. पैठणीच्या जरीचं गणित जरा वेगळं. अगदी समोरून मोठा पांढरा उजेड टाकला तर जरीकाम सपाट दिसतं. तोच बाजूने, काठावरून घसटत जाऊ दिला तर पदरावरचे मोर उठून येतात. आतून चंदेरी असलेला सॉफ्टबॉक्स पांढऱ्यापेक्षा जरीला जास्त चमक देतो, पण त्वचेवरचा तेलकटपणाही तितकाच दाखवतो.

माऊंट, म्हणजे सॉफ्टबॉक्स फ्लॅशला जोडणारी कडी, घेताना फार विचार नको, बोवेन्स घ्या. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७मध्ये बंद पडली, पण तिचं माऊंट राहिलं, आणि आज परवडणारे बहुतेक सॉफ्टबॉक्स त्याच माऊंटमध्ये मिळतात. प्रोफोटो, एलिंक्रोम यांची माऊंट वेगळी. गोडॉक्सच्याही काही बॅटरी फ्लॅशना स्वतःचं माऊंट असतं, तेव्हा अडॅप्टर लागेल का ते आधी विचारा. कॅमेऱ्यावरचा साधा स्पीडलाइट वापरणार असाल तर एस-टाइप ब्रॅकेट घ्या. तो फ्लॅशला अंगाने धरतो, त्यामुळे सॉफ्टबॉक्सचं वजन फ्लॅशच्या नाजूक पायावर येत नाही. स्पीडलाइटचं डोकं उजेड सरळ पुढे फेकतं आणि कापडाच्या मध्यावर तेवढाच प्रखर गोळा पडतो. फ्लॅशचा झूम सगळ्यात वाइडवर ठेवा, त्याच्या डोक्यातली वाइड पट्टी बाहेर काढा आणि सॉफ्टबॉक्सच्या आतलं दुसरं डिफ्यूजर (उजेड पसरवणारं) कापड कधीही काढू नका.

पोर्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या सॉफ्टबॉक्समध्ये दोन जाती आहेत. एकात काड्या एकेक करून रिंगमध्ये खोचायच्या. शेवटच्या दोन काड्यांना चांगलाच जोर लागतो. दुसरा छत्रीसारखा उघडतो. हा थोडा महाग आणि जड असतो, पण घरोघरी जाऊन काम करणाऱ्याने तोच घ्यावा. हळद लावायची वेळ झालेली असताना काड्या खोचत बसायला सवड नसते.

स्टँडवर पैसे वाचवू नका. सॉफ्टबॉक्ससकट फ्लॅश स्टँडवर चढला की वजन वर जातं आणि घरात लहान मुलं पळत असतात. पाय पूर्ण उघडा, एक पाय सॉफ्टबॉक्सच्या दिशेने ठेवा, वाळूची पिशवी अडकवा. अलिबाग किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग करायचं असेल तर मोठा ऑक्टा घरीच ठेवा. दुपारी समुद्रावरून वारं सुटलं की तो शिडासारखा फुगतो. तिथे ६० सेंटिमीटरचा लहान बॉक्स बरा, आणि स्टँड धरायला माणूस हवाच. शिवाय भर उन्हात २०० वॉट-सेकंद ताकदीचा फ्लॅश दोन कापडांतून सूर्याशी बरोबरी करू शकत नाही. सावली शोधा, नाहीतर ऊन उतरू द्या.

तांब्या-पितळेची भांडी, घड्याळं, दागिने यांचे फोटो काढणार असाल तर दुसरी खरेदी ३० बाय १२० सेंटिमीटरसारख्या उभ्या, अरुंद सॉफ्टबॉक्सची, म्हणजे स्ट्रिपबॉक्सची करा. चकचकीत वस्तूत सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंबच दिसतं. कळशीवरची ती लांब, स्वच्छ पांढरी रेघ त्यातूनच येते. मात्र तिथे ग्रिड काढा, नाहीतर जाळीचे चौकोनही कळशीवर उमटतील.

विकत घेताना दुकानातच एक चाचणी करा. मुंबईत बोरा बझारात घेत असाल तर कॅमेरा सोबत न्या. फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये बसवून सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा आणि आयएसओ १००, एफ/१६ वर समोरून त्या कापडाचाच फोटो काढा. सगळं पांढरंफटक आलं तर अॅपर्चर आणखी बंद करा. मध्यभागी जळकं वर्तुळ आणि कोपरे काळे दिसले, तर उजेड नीट पसरत नाही. आतलं कापड लावलेलं आहे ना ते बघा, आणि असूनही तसंच दिसलं तर दुसरा बॉक्स मागा. जुना माल घेत असाल तर कापड कोऱ्या कागदाशेजारी धरा. पिवळं पडलेलं कापड त्वचेलाही पिवळी छटा देतं. सुटं डिफ्यूजर बदलून मिळत असेल तरच तो सौदा करा.