लॅपटॉप चालूच होत नाहीये? दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा, ते असं ठरवा

मागच्या जुलैत चिपळूणहून भाचीचा फोन आला, मामा लॅपटॉप मेला, बटण दाबलं की लाइट लागते, फॅन फिरतो पण स्क्रीन काळीच, आणि चार दिवसांवर प्रोजेक्टचं सबमिशन. एका दुकानात उघडूनही न बघता "बोर्ड उडालाय" (म्हणजे मदरबोर्ड, आतली मुख्य सर्किटची पाटी) म्हणून 14 हजार सांगितले होते आणि ताईने नवीन लॅपटॉप हप्त्यावर घ्यायची तयारीसुद्धा केली होती. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, नेमकं काय गेलंय ते कळल्याशिवाय दुरुस्त की नवीन हा प्रश्नच घेऊ नका.

घरच्या घरी काय बघायचं? आधी चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करून बघा. एवढ्यानेच बरेच लॅपटॉप उठतात, कारण आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो. नाही झाला तर चार्जिंगची लाइट लागते का बघा. लाइटच नाही, काहीच हालचाल नाही, तर संशय पहिला अडॅप्टरवर, मग चार्जिंगच्या जॅकवर आणि शेवटी बोर्डवर. गोल पिनचा अडॅप्टर असेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे मल्टीमीटर असतोच, अडॅप्टरवर आउटपुट जेवढा लिहिलाय (बहुतेक 19 किंवा 19.5 व्होल्ट) तेवढा येतोय का ते मोजून घ्या. टाइप-सी चार्जर मात्र असा मोजून कळत नाही, तो लॅपटॉपशी बोलणं झाल्यावरच पूर्ण व्होल्टेज देतो, त्यामुळे दुसऱ्याचा तेवढ्याच वॉटचा चार्जर लावून बघा, मोबाइलच्या चार्जरवर जाऊ नका.

लाइट लागते, फॅन फिरतो पण स्क्रीन काळी, तर ही वेगळी केस आहे. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा, पुसटसं चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, फक्त बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा, तिथे चित्र आलं तर बिघाड स्क्रीनच्या बाजूला आहे. लाइटची उघडझाप होत असेल तर ती मोजा, तो कोड असतो, बऱ्याच डेलमध्ये 2 वेळा पिवळी आणि 3 वेळा पांढरी म्हणजे रॅम (चालू कामासाठीची मेमरी, तिची पट्टी असते) सापडत नाहीये.

भाचीचं तेच झालं होतं. व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून चार्जर काढून घेतला, मागचे स्क्रू काढले, बॅटरीची पिन सोडवली आणि रॅमची पट्टी बाहेर काढली, तर तिच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या, कोकणातला पावसाळा आणि लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर. खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, कीस झटकला, पट्टी तिरकी घालून टक् आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबल्यावर मिनिटभर काहीच नाही, ती रडवेली झाली, मी म्हटलं थांब, रॅम काढून लावल्यावर पहिल्यांदा वेळ लागतो, आणि मग लोगो आला. खर्च शून्य.

पाणी किंवा चहा सांडला असेल तर मात्र यातलं काहीही करू नका, चार्जर काढा, बंद करा आणि त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडे न्या, तांदळात ठेवून बोर्डवरचा गंज थांबत नाही. आणि टचपॅड वर आलाय, तळ फुगलाय, तर बॅटरी फुगलीये, चार्जिंगला अजिबात लावायचं नाही.

आता निर्णय. अडॅप्टर, जॅक, रॅम, एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह), बॅटरी, कीबोर्ड यातलं काही गेलं असेल तर मशीन कामाचं असेल तोवर दुरुस्तच करा. खरा प्रश्न बोर्डचा. तिथे दुकानदाराला विचारा, चिप लेव्हल काम करणार, म्हणजे बोर्डवरचा बिघडलेला बारीक पार्टच बदलणार, की आख्खा बोर्ड? बऱ्याचदा एखादा कपॅसिटर किंवा मॉस्फेट शॉर्ट झालेला असतो, तो बदलला की काम होतं, बोर्ड बदलण्यापेक्षा बरंच स्वस्तात. सर्व्हिस सेंटरला सहसा बोर्डच बदलतात, म्हणून तिथलं कोटेशन ऐकून हाय खाऊ नका, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नाहीतर आपल्या शहरात चिप लेव्हल करणाऱ्याकडे एकदा दाखवा. मी हिशोब असा करतो, तेच मॉडेल चालू स्थितीत सेकंड हँड कितीला मिळतं ते बघायचं, रिपेअरचा आकडा त्याच्या निम्म्याच्या वर गेला की सोडून द्यायचं. शिवाय प्रोसेसर बघा. इंटेलच्या 8व्या जनरेशनच्या आधीचा असेल तर एखादा अपवाद सोडता विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, अशा मशीनच्या बोर्डवर मी तरी पैसे घालणार नाही, लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानात द्यायच्या आधी एसएसडी काढून घरी ठेवा, तपासायला ती लागत नाही, आणि तुमचे फोटो, आधारचे स्कॅन सगळं त्यातच असतं. ती एनक्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली की डेटा मिळतो. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आधीच लिहून ठेवा. नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच असतं, ते असं निघत नाही, तिथे बॅकअप नसेल तर डेटासाठी तरी बोर्ड दुरुस्त करावा लागतो, मशीन पुढे वापरा नाहीतर नका वापरू.

तपासणीचे पैसे किती, वॉरंटी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या आणि काढलेला पार्ट परत मागा. नवीनच घ्यायचं ठरलं तर जुन्याची एसएसडी बाहेरची ड्राइव्ह म्हणून वापरता येते, उरलेला लॅपटॉप डेड म्हणून सांगूनही रिपेअरवाले पार्टसाठी घेतात. घंटागाडीत टाकू नका, लिथियम बॅटरी कचऱ्यात दबली की पेट घेऊ शकते.