बँकॉक ते सिंगापूर विमानाने किती लांब? घरबसल्या असं काढा

मागे ही ट्रिप ठरवत होतो तेव्हा तिकिटावर जाताना सकाळी १० ला निघून दुपारी १.२५ ला सिंगापूर असं होतं आणि येताना संध्याकाळी ५ ला निघून ६.२५ ला बँकॉक. मी बायकोला चक्क सांगून टाकलं की येतानाचं विमान फास्ट आहे, निम्म्याहून कमी वेळात आणतं. ती म्हणाली, अहो घड्याळ कुठलं बघताय? तेव्हा ट्यूब पेटली. सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे आहे, म्हणजे दोन्हीकडून प्रवास २ तास २५ मिनिटांचाच. गंमत म्हणजे सिंगापूर नकाशात बँकॉकच्या जवळपास सरळ खाली आहे, पण १९८२ पासून तिथलं घड्याळ मलेशियासोबत पुढे सरकलंय.

तर तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करत बसू नका, आधी अंतर काढा. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टवर राइट क्लिक करून मेझर डिस्टन्स (Measure distance) निवडा, मग सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर क्लिक करा, झालं, साधारण १,४१० किमी येईल. डायरेक्शन्सचं बटण दाबू नका, ते रस्त्याचं अंतर दाखवतं.

नेट नसेल तर वहीतही जमतं. सुवर्णभूमी उत्तर अक्षांश १३.७, चांगी १.४, फरक १२.३ अंश, एक अंश साधारण १११ किमीचा, म्हणून गुणिले १११ म्हणजे १,३६५ किमी. रेखांशांचा फरक सुमारे ३.२, तोही गुणिले १११, म्हणजे ३५५. आता शाळेतला पायथागोरस, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर १,४१०! पण हा जुगाड इथे चालतो कारण दोन्ही शहरं विषुववृत्ताच्या जवळ आहेत, दिल्ली-लंडनला लावलात तर उत्तर पार गंडेल.

काही साइट्सवर ८८० दिसेल, काहींवर ७६५ च्या आसपास. घाबरू नका, पहिले साधे मैल आणि दुसरे नॉटिकल मैल, एक नॉटिकल म्हणजे १.८५२ किमी. विमान प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच उडतं, कारण टेकऑफ आणि लँडिंगला ठरलेल्या वाटेने वळसा घ्यावा लागतो.

वेळेचा अंदाज हवा तर किमीला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. इथे पावणेदोन तास अधिक अर्धा, म्हणजे सव्वादोन. तिकिटावर दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसतात ती रनवेपर्यंत रांगत जाण्याची वगैरे.

एक मात्र नीट बघा, बँकॉकला एअरपोर्ट दोन आहेत. तिकिटावर बीकेके म्हणजे सुवर्णभूमी आणि डीएमके म्हणजे डॉन मुआंग, स्वस्तातली बरीच फ्लाइट्स डॉन मुआंगवरून सुटतात. हवेतल्या अंतरात पंचवीस-तीस किमीचाच फरक पडतो, पण चुकीच्या एअरपोर्टवर गेलात आणि बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर फ्लाइट गेलीच समजा.

आणि हो, बँकॉकहून संध्याकाळचं फ्लाइट असेल तर उजवीकडची खिडकी घ्या. विमान दक्षिणेला जातं, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला येते आणि सूर्यास्त तिकडेच दिसतो.